हवाबंद घरातील अग्नी

गेल्या काही वर्षांत हिवाळा जवळ आला की मला एक ठरावीक प्रश्न विचारला जातो. विचारणारे बहुधा आजी-आजोबा असतात. त्यांची तिकिटे निघालेली असतात, सून किंवा लेक बाळंत व्हायची असते आणि मुक्काम टोरांटो, बॉस्टन किंवा म्युनिकच्या आसपास असतो. मुलाने नवे घर घेतलेले असते. ते घर ऊर्जेची बचत करणारे आहे हे तो अभिमानाने सांगतो आणि त्याच घराच्या दिवाणखान्यात लाकूड जाळण्याची फायरप्लेस आहे हे त्याहून अधिक अभिमानाने सांगतो. मग प्रश्न येतो : डॉक्टर, घरात लाकडे जाळलेली बाळाला चालतील का?

याला होय किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर नाही. ते घर कसे बांधले आहे आणि तो अग्नी आपली हवा कोठून घेतो, हे कळल्याशिवाय बाळाविषयी काही सांगता येत नाही. बालरोगतज्ज्ञाला येथे थोडे गवंडीकाम शिकावे लागते. आपल्या मंडळात आता अशी घरे बरीच झाली आहेत, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय जरा विस्ताराने मांडतो.

थंड देशातील घर हे मुळात उष्णता गळणारे भांडे आहे. भिंती, छत आणि काचा यांतून ती जातेच. पण त्याहून चोरपावलांनी ती फटींतून जाते, कारण फटीतून बाहेर पडते ती तापवलेली हवा आणि तिच्या जागी येते ती गारठलेली. १९७३च्या तेलसंकटानंतर या गळतीकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. कॅनडातील रिजायना येथे १९७७ साली 'सस्कॅचेवान कन्झर्वेशन हाउस' हे प्रायोगिक घर उभे राहिले. जाड उष्णतारोधक भिंती, हवेला अडविणारे सलग आवरण आणि बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारे यंत्र या तीन गोष्टी त्यात एकत्र आल्या. पुढे १९९१ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट शहराच्या क्रानिखश्टाइन भागात वोल्फगांग फाइस्ट यांच्या संकल्पनेनुसार एकमेकांना लागून चार घरे बांधली गेली आणि 'पासिव्हहाउस' हा शब्द रूढ झाला.

या प्रकारच्या घराची मोजमापे थक्क करणारी आहेत. दर चौरस मीटरला वर्षाकाठी फक्त १५ युनिट ऊर्जा तापविण्यासाठी लागावी, असा दंडक आहे. कडाक्याच्या थंडीतही एका चौरस मीटरला साधारण १० वॅट पुरतात. म्हणजे १२० चौरस मीटरचे घर बाहेर बर्फ पडत असताना १२०० वॅटमध्ये उबदार राहते. आपली इस्त्री जवळजवळ एवढीच वीज घेते! हवेच्या गळतीची परीक्षा अशी : दारात पंखा बसवून आत-बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक निर्माण करायचा आणि तासाभरात घरातील एकूण हवेच्या ०.६ पटीहून अधिक हवा फटींतून गळता कामा नये. डॉक्टर बंधु-भगिनींच्या परिचयाच्या मापात सांगायचे तर ५० पास्कल म्हणजे अर्धा सेंटिमीटर पाण्याचा दाब. नवजात बाळाला सीपॅपवर आपण जो देतो त्याचा दहावा हिस्सा. श्वासाची हवा अर्थातच यंत्राद्वारे मोजून आत येते व बाहेर जाते. ती फटींच्या भरवशावर नसते.

आता या घरात अग्नी पेटवू या.

एक किलो वाळलेले लाकूड पूर्ण जळायला निदान चार ते पाच घनमीटर हवा लागते. प्रत्यक्षात त्याच्या सुमारे दुप्पट. काचेचे दार असलेल्या बंद स्टोव्हमध्ये तासाला दोन किलो लाकूड जळत असेल, तर त्याची मागणी वीसेक घनमीटरची. ही फार नव्हे. पण भिंतीतील उघड्या फायरप्लेसची रीत निराळी आहे. ज्वलनाला लागते त्याच्या कितीतरी पट हवा ती नुसतीच ओढून धुराड्यातून आकाशात सोडते, तासाला काही शे घनमीटर. ही सारी खोलीतील, पैसे खर्चून तापवलेली हवा असते. चित्रपटांत दिसणारी ती रम्य आगटी समोर बसणाऱ्याचे गुडघे भाजते आणि मागच्या खोल्या गार करते. उष्णता देण्याच्या कामी ती इतकी कुचकामी आहे, की लाकडातील ऊर्जेचा जेमतेम दहावा भाग घरात राहिला तरी पुष्कळ झाले म्हणायचे.

हे दुखणे अडीचशे वर्षांपूर्वीच्या शहाण्यांनाही ठाऊक होते. बेंजामिन फ्रँकलिन यांनी पुढे बसविण्याच्या लोखंडी शेगडीची रचना केली आणि १७४४ साली तिच्यावर पुस्तिका काढली. गव्हर्नरने देऊ केलेले एकस्व त्यांनी नाकारले. इतरांच्या शोधांचा आपण फायदा घेतो, तेव्हा आपलाही शोध मोकळेपणाने द्यावा, ही त्यांची भूमिका. (आपल्या औषध कंपन्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.) पुढे काउंट रमफर्ड यांनी १७९६च्या निबंधात आगटी उथळ करावी, बाजूच्या भिंती तिरप्या कराव्यात आणि धुराड्याचा गळा अरुंद करावा, असे सुचविले. उष्णता खोलीकडे परावर्तित होऊ लागली आणि धूर नेमका वर जाऊ लागला. तरीही हवेची भूक उरलीच. जुन्या फटीफटींच्या घरांत ती आपोआप भागत होती.

हवाबंद घरात ती भागत नाही. १२० चौरस मीटरच्या घरात सुमारे ३०० घनमीटर हवा मावते. धुराड्याचे ओढणे म्हणजे गरम वायू हलका होऊन वर चढण्याची शक्ती. ती मोजकी, साधारण दहा-वीस पास्कलची असते आणि अग्नी विझत आला की तीही ओसरते. अशा वेळी ओट्यावरची विद्युत चिमणी कोणी सुरू केली, आणि आपण गेलो म्हणजे फोडण्या होणारच, तर ती तासाला तीन-चारशे घनमीटर हवा बाहेर फेकू लागते. वर सांगितलेल्या परीक्षेत उतरलेल्या घरात चार पास्कलच्या फरकाने फटींतून आत येणारी हवा माझ्या हिशेबाने तासाला पस्तीस-चाळीस घनमीटरच भरते. उरलेली यायची कोठून? घराला एकच मोठे भोक शिल्लक असते आणि ते म्हणजे धुराडे. वारा उलटतो. धूर आणि त्याच्या जोडीने येणारा कार्बन मोनॉक्साइड दिवाणखान्यात उतरतो. म्हणूनच खोलीतील हवा घेणाऱ्या स्टोव्हसाठी जर्मनीत चार पास्कलची मर्यादा पाळतात आणि खिडकी उघडी असल्याशिवाय ओट्यावरची चिमणी चालूच होऊ नये, अशी कळ बसवितात. जिरे-मोहरीची फोडणी आणि फायरप्लेस यांचे हे वैर परदेशी घर विकणारा दलाल सांगत नाही.

दुसरी अडचण जास्त सूक्ष्म आहे, आणि माझ्या मते तीच अधिक नडते. घराला लागतात १२०० वॅट. बाजारातील साधा लाकडी स्टोव्ह देतो पाच ते आठ किलोवॅट. तासाभरात घराची भट्टी होते. मग माणूस साहजिकच हवेची झडप मिटून अग्नीला दमात घेतो. ज्वाळा मालवते, लाकूड नुसते धुमसत राहते आणि अर्धवट जळालेल्या वायूंचे डांबर धुराड्याच्या आतून लेपासारखे बसते. हा लेप एखाद्या दिवशी स्वतःच पेट घेतो. शिवाय धुमसणाऱ्या अग्नीतून धुराचे सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड हे दोन्ही अनेक पटींनी जास्त निघतात. म्हणजे घर जितके उत्तम, तितका मोठा स्टोव्ह त्यात वाईट जळतो.

यावर मध्य आणि पूर्व युरोपने शतकांपूर्वीच तोड काढली होती. ऑस्ट्रिया-जर्मनीतील चिनी मातीच्या फरशांची काखेलओफेन, रशियातील विटांची प्रचंड भट्टी, फिनलंडमधील शंखजिऱ्याच्या दगडाची शेगडी, ही सारी एकाच तत्त्वाची भावंडे. दिवसातून एकदा दहा-पंधरा किलो लाकूड भरपूर हवेत, प्रखर ज्वाळेने तास-दीड तासात जाळून टाकायचे. गरम वायूंना दगड-विटांच्या वळणावळणाच्या वाटेने फिरवून मगच बाहेर सोडायचे. आणि शोषलेली ऊब त्या जड भिंतीने पुढे बारा ते चोवीस तास मंदपणे देत राहायची. ज्वलन वेगळ्या वेळी, ऊब वेगळ्या वेळी. आपल्या जुन्या घरांतला तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजायला कठीण नाही. मधल्या नळीत निखारे आणि भोवती पाणी; वर जाणारी उष्णता बाहेर निसटण्याआधी पाण्याने टिपायची. काही युरोपीय स्टोव्ह तर खरोखरच असे पाणी तापवून ते टाकीत साठवितात. बंबाचे ते थोरले भाऊच.

तेव्हा आजी-आजोबांनी मुलाला विचारायच्या गोष्टी अशा. आगटी उघडी आहे की घट्ट मिटणाऱ्या काचेच्या दाराची? ज्वलनाची हवा खोलीतून घेते की स्वतंत्र नळीने थेट बाहेरून? घराच्या मानाने ती केवढी आहे? लाकूड वर्ष-दोन वर्षे वाळवलेले, वीस टक्क्यांहून कमी ओलाव्याचे आहे का? धुराडे दरवर्षी माहीतगार माणसाकडून साफ होते का? आणि शयनगृहाजवळ कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा आहे का? उघडी आगटी आणि हवाबंद घर ही जोडी असेल, तर बाळ आहे तोवर ती सजावटीची वस्तू मानावी, असे मी स्पष्ट सांगतो. बंद, बाहेरून हवा घेणारी, योग्य आकाराची आणि चांगली जळणारी शेगडी असेल तर खोलीच्या हवेची काळजी बरीच कमी होते. दार उघडून लाकूड घालताना थोडा धूर येतोच. ते काम बाळ दुसऱ्या खोलीत असताना करावे.

खोलीची काळजी मिटली तरी गल्लीची मिटत नाही. आपल्या धुराड्यातून गेलेला धूर शेजाऱ्याच्या खिडकीत उतरतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरी परिसरात, जेथे आपली पुष्कळ मुले आहेत, २००८पासून हिवाळ्यात हवा बिघडलेल्या दिवशी घरात लाकूड जाळण्यास मनाई केली जाते. अमेरिकेच्या २०२०च्या नियमांनुसार नव्या स्टोव्हमधून ठरलेल्या चाचणीत तासाला २ ते २.५ ग्रॅमहून जास्त कण निघता कामा नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली २.५ मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली. या दोन आकड्यांतील अंतर वाचकांनीच मोजावे.

मुलांच्या फुप्फुसांना धूर अधिक का बाधतो, हे येथे उगाळायला नको. नवजात बाळ मिनिटाला चाळीस-पन्नास श्वास घेते. वजनाच्या प्रमाणात ते मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक हवा आत ओढते आणि दिवसाचे सारे तास घरातच असते. पण पुरावा जसा आहे तसाच सांगितला पाहिजे. ग्वाटेमालात उघड्या चुलीऐवजी धुराड्याची चूल देऊन कर्क स्मिथ व सहकाऱ्यांनी केलेली चाचणी २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. बाळांच्या श्वासात जाणारा कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर आला, गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. एकूण न्यूमोनियात मात्र निर्णायक फरक सिद्ध झाला नाही. पुढे भारतातील तमिळनाडूसह चार देशांत स्वयंपाकाचा गॅस देऊन झालेल्या मोठ्या चाचणीतही अर्भकांचा गंभीर न्यूमोनिया घटल्याचे दिसले नाही. तो निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाला. धूर निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ मी काढत नाही. एका घराची चूल बदलली तरी बाळ श्वास घेते ते साऱ्या वस्तीच्या हवेतच, असा काढतो.

कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत असली कोणतीही संदिग्धता नाही. १९०२च्या सप्टेंबरात कादंबरीकार एमिल झोला पॅरिसच्या आपल्या घरी खिडक्या लावून झोपले. शयनगृहातील आगटीचे धुराडे तुंबलेले होते. सकाळी ते मृत आढळले, पत्नी वाचली. या वायूला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनशी त्याची सलगी प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींची. गर्भवतीला बाधा झाली तर गर्भाच्या रक्तात तो आईपेक्षा उशिरा चढतो, पण उतरतोही उशिरा. आणि आपल्या साऱ्यांचा लाडका पल्स ऑक्सिमीटर येथे साफ खोटे बोलतो, कारण त्याला दोन्ही प्रकारचे लाल रक्त सारखेच दिसते.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे वाटत असेल, तर आता आपल्या ग्वाल्हेरीकडे वळू. जानेवारीत येथे पारा चार-पाच अंशांवर उतरतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी बारा दिवसांचे बाळ माझ्याकडे आणले गेले. दूध ओढत नव्हते, अंग सैल पडले होते. ऑक्सिमीटर ९८ दाखवीत होता, ताप नव्हता. जंतुसंसर्गाच्या तपासण्यांसाठी रक्त काढणे चालू असताना आजी भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, माझंही डोकं पहाटेपासून फुटतंय, आणि सुनेला दोनदा उलटी झाली." तिघांनाही एकाच रात्री! खोलीत काय जळत होते, हे विचारताच उत्तर मिळाले : बाजेखाली सिगडी, पण धुराची नव्हे हो, चांगल्या पेटलेल्या लाकडी कोळशाची. तिघांनाही लगेच मास्कने पूर्ण प्राणवायू लावला. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर तास-दीड तास. संध्याकाळी बाळ आईला ओढून प्यायले. कार्बॉक्सिहिमोग्लोबिन मोजण्याची सोय असेल तेथे रक्त अवश्य पाठवावे. मात्र नवजातांत गर्भीय हिमोग्लोबिनमुळे काही यंत्रे आकडा फसवा दाखवितात, हे तरुण सहकाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. घरातील सर्वांना एकदम डोकेदुखी आणि मळमळ, हा प्रश्न विचारायला मात्र कोणतेही यंत्र लागत नाही.

त्या आजींच्या वाक्यातच सारी गैरसमजूत भरलेली आहे. धूर नाही म्हणजे धोका नाही, असे आपण मानतो. वस्तुतः लालबुंद निखारे हीच या वायूची मोठी खाण. धूर निदान डोळे चुरचुरवून माणसाला उठवितो, निखारा उठवीत नाही. रशियन भट्ट्यांच्या बाबतीतही हेच घडत आले : ऊब टिकावी म्हणून निखारे विझण्याआधी झडप मिटली की घरातील माणसे झोपेतच बाधित होत. त्या बाधेला त्यांच्या भाषेत 'उगार' असा स्वतंत्र शब्दच आहे.

बाळंतिणीची शेक-शेगडी आपल्या पूर्वजांनी लष्करातील जाड भिंतींच्या वाड्यांत चालविली. तेथे उंच छत होते, झरोके होते आणि दारे कधी धड लागत नसत. धुराने बाळे तेव्हाही खोकत. पण वायू साचून राहायला जागा नव्हती. आज तीच शेगडी, तीच ओवा-बाळंतशोप-वावडिंगाची धुरी आपण दहा बाय बाराच्या, सरकत्या काचांच्या आणि दाराखाली थंडीसाठी गोधडी कोंबलेल्या खोलीत नेतो. डार्मश्टाटच्या घरात यंत्र हवा आणते. आपण त्या घराचा फक्त बंदिस्तपणा घेतला. न्हाणीघरातील गॅस गीझरची गोष्टही हीच आहे.

नवजात बाळाच्या खोलीत २५ ते २८ अंश ऊब हवी, हे खरेच. त्यासाठी तेलाचा विद्युत रेडिएटर पुरतो. तो पलंगापासून दोन हात दूर आणि पडद्यांपासून अलग ठेवावा. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे आईची छाती. बाळाला टोपी-मोजे घालून आईच्या उघड्या छातीशी ठेवावे, वरून शाल घ्यावी. १९७८च्या सुमारास बोगोटात सुरू झालेली ही कांगारू पद्धत कमी वजनाच्या बाळांसाठी तर आज जगन्मान्य आहे. आजींचा मान राखायचा असेल तर शेक अंगणात किंवा दार-खिडकी सताड उघडून, दिवसाउजेडी, पंधरा मिनिटे व्हावा. ती वेळ बाळाने दुसऱ्या खोलीत आजोबांकडे काढावी. धुरी मी घरोघर बंद करायला सांगतो आणि निम्म्या घरांत ती माझ्यामागे चालूच राहते, हेही मला ठाऊक आहे. निदान रात्री निखाऱ्यांची शेगडी, राखेने झाकलेली असली तरी, झोपायच्या खोलीत आणू नये.

कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा आता आपल्याकडेही ऑनलाइन मिळते. परदेशातून परतणाऱ्यांनी बॅगेत चॉकलेटांशेजारी एखादी आणली तरी चालेल. ती झोपायच्या खोलीत लावावी, तिची बॅटरी दिवाळीच्या साफसफाईत तपासावी, आणि पाठीमागे छापलेली मुदत संपली की नवी घ्यावी.